झोपेच्या वहीतली पहिली ओळ

विणलेलं कापड रोलवर येतं ते ताणून गुंडाळलेलं. रोल सोडला आणि लगेच कापलं, तर कापणाऱ्याची फसगत ठरलेली. कापड आपला ताण सावकाश सोडतं, आतल्या आत आखडतं, आणि आज बरोबर मापाला असलेली बाही उद्या बोटभर तोकडी निघते. म्हणून त्या कारखान्यात शिरस्ताच होता: रोल सोडायचा, कापड फळीवर सैलसर घड्या घालून ठेवायचं, वर वार आणि वेळ लिहिलेली चिठ्ठी टाचायची आणि एक अख्खा दिवस, एक अख्खी रात्र त्याच्याकडे ढुंकूनही बघायचं नाही. याला तिथे विसावा म्हणत. "विसाव्याला टाकलंय," असं कुणी म्हटलं, की त्या फळीच्या वाटेला कुणी जात नसे.

चिठ्ठ्या लिहायचं काम कात्रीबाईचं. खरं तर कात्री तिने गेल्या बारा वर्षांत हातात धरली नव्हती. कापडाचे साठ थर एकावर एक पसरले, की उभ्या पात्याचं विजेचं यंत्र घेऊन ते कापायला ती उभी राहायची. पण एकदा नाव पडलं ते पडलं. डाव्या हातात पोलादी जाळीचा मोजा, उजव्या हातात यंत्राची मूठ, आणि लहान मुलांच्या बनियनचा गळा ती असा वळवायची, की कुणाचं कौतुक करताना दाढ ठणकल्यासारखं तोंड करणारे मास्तरसुद्धा म्हणायचे, "बाईंच्या हाताला डोळे आहेत."

तिचे खरे डोळे मात्र दहा महिने धड मिटले नव्हते. हे मास्तरांना ठाऊक नव्हतं.

घरात माणसं दोनच, ती आणि तिची नणंद. नणंद म्हणजे नवऱ्याची थोरली बहीण. लग्न केलं नाही, एका शाळेच्या कचेरीत जन्मभर कारकुनी केली आणि निवृत्त झाल्यावर भावाकडे राहायला आल्या. अक्षर मोत्यासारखं, बोलणं मात्र खडे टाकल्यासारखं. कात्रीबाई त्यांना ताई म्हणायची.

नवरा बसच्या आगारात मेकॅनिक होता. एक दिवस गाडीखालचा जॅक सटकला, पाठीचा कणा गेला आणि माणूस तीन वर्षं अंथरुणाला खिळला. पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून दर दोन तासांनी त्याची कूस बदलावी लागे. दिवसा ती कामावर, तेव्हा ताई बदलायच्या. रात्रीचं तिच्याकडे. उशाशी गजराचं घड्याळ असे. बाराचा गजर झाला की कूस बदलायची आणि किल्ली दोनवर लावायची; मग चार; मग सहा. माणूस गेला त्याला दहा महिने झाले. घड्याळ फडताळावर गजर बंद करून ठेवलेलं, पण तिच्या आत कुणीतरी किल्ली देऊनच ठेवली होती. बाराला डोळे टक्क उघडायचे, दोनला उघडायचे, चारला उघडायचे. पुढे पुढे मधल्या वेळातही ते मिटेनासे झाले.

अंथरुणावर पडण्याआधी ती रोज हात जोडायची. मागणं एकच, झोप दे. आणि त्याच श्वासात, ओठ न हलवता, आणखी एक मागणं निघून जायचं: पण तेवढी गाढ नको.

ते दुसरं मागणं कशासाठी, हे तिच्याशिवाय कुणाला माहीत नव्हतं. ताईंना तर नव्हतंच. कुणी भेटायला आलं, की ताई हमखास सांगायच्या, "माझ्या भावाचं नशीब थोर. पहाटे चारला गेला, तेव्हा ही उशाशी जागी होती. तीन वर्षांत एक रात्र हिने डोळ्याला डोळा लावला नाही." पाहुणे मान हलवायचे, तिच्याकडे आदराने बघायचे. ती हातातली कपबशी उगाच पुसत राहायची.

*

चूक झाली ती एका बुधवारी, आणि उघडकीला आली शुक्रवारी सकाळी.

मास्तर कापलेल्या गठ्ठ्यांपाशी पुठ्ठ्याचा नमुना घेऊन उभे होते. नमुना त्यांनी एका तुकड्यावर ठेवला, उचलला, मधल्या थरातल्या तुकड्यावर ठेवला, उचलला, तळातल्या तुकड्यावर ठेवला. तिन्ही वेळा पुठ्ठा बोटभर बाहेर आला.

"बाई, हे कापड कधी सोडलं होतं?"

"मंगळवारी. चिठ्ठीवर आहे की."

"चिठ्ठीवर आहे खरं." मास्तरांनी खिशातून चिठ्ठी काढली. "पण माल आला बुधवारी दुपारी. गेटच्या वहीत माझीच सही आहे. मंगळवारी जे कापड गाडीत होतं, ते तुम्ही फळीवर कसं टाकलंत?"

तिने चिठ्ठी हातात घेतली. अक्षर तिचंच. मंगळवार, दुपारी चार. ती आठवू लागली. मंगळवारी ती घरी गेली, जेवली, आडवी झाली. छताला एक पोपडा आहे, त्याच्याकडे बघत राहिली. मग उठून चहा ठेवला आणि कामावर आली. मंगळवार आणि बुधवार यांच्यामध्ये एक रात्र असायला हवी होती. ती तिला सापडेना. तिच्या लेखी मंगळवार संपलाच नव्हता. म्हणून बुधवारी दुपारी तिने मंगळवार लिहिला आणि गुरुवारी सकाळी आठला, चिठ्ठी वाचून दोन दिवस होत आले असं समजून, जेमतेम सोळा तास विसावलेलं कापड कापून मोकळी झाली. साठ थर. सगळे तोकडे.

"नुकसानीचं मी वर बोलेन," मास्तर म्हणाले. "मला घोर त्याचा नाही. कापड आखूड झालं तर टाकून देता येतं. त्याच पात्याखाली बोट आखूड झालं असतं म्हणजे?"

तिने तोकड्या बाहीची घडी घातली.

"रात्री झोपता का तुम्ही?"

"झोपते की."

"माझ्याकडे बघून सांगा."

तिने वर पाहिलं नाही.

"झालं तर मग." मास्तरांनी चिठ्ठी खिशात घातली. "आजपासून दोन आठवडे यंत्राला हात लावायचा नाही. धागे तोडायला बसा. डॉक्टरला दाखवा. त्यानंतरच्या सोमवारी मी स्वतः उभा राहून तुमच्याकडून एक थप्पी कापून घेणार. हात लटपटला, तर कायमचं धाग्याच्या टेबलावर. मग माझ्याकडे रडत यायचं नाही."

"रडत कशाला येईन?" ती हळूच म्हणाली.

पण जेवणाच्या सुट्टीत हात धुताना तिला दरदरून घाम फुटला. घरात ती कुणाची तरी विधवा होती, कुणाची तरी भावजय, दहा महिने एक खोटं उराशी धरून बसलेली बाई. त्या पात्यापाशी तसलं काही नव्हतं. तिथे रेघ होती आणि रेघेवरून जाणारा हात होता. दिवसातले आठ तास ती फक्त तिथेच नीट श्वास घ्यायची. ती जागा गेली असती, तर उरलं होतं ते घर आणि छताचा पोपडा.

*

धाग्याच्या टेबलावर तिला छोटी कात्री मिळाली. बारा वर्षांनी नाव खरं झालं, असं म्हणून बायका हसल्या. ती पण हसली.

शेजारी काजं करणारी बसायची. तिला सगळे काजेवाली म्हणत. तोंडाने सैल, मनाने चांगली. "झोप येत नाही होय? आमच्या ह्यांना न्या चार दिवस," ती म्हणाली. "पाठ टेकायचा अवकाश, करवत सुरू. तुमच्याकडे झोपेचा दुष्काळ, आमच्या घरात ठेवायला जागा नाही."

"करवतीने झोप कशी येईल गं?"

"येत नाही. पण दुसऱ्याला झोपलेलं बघून असा संताप येतो, की थकून डोळा लागतो."

मग उपायांची रास पडली. कुणी म्हणालं पाय गरम पाण्यात बुडवा, कुणी म्हणालं गरम दूध घ्या, कुणी तळपायाला तेल सांगितलं, कुणी शंभरपासून उलटे आकडे मोजायला सांगितले. कात्रीबाईने सगळं केलं. पाय धुतले, दूध प्यायली, तेल चोळलं. उलटे आकडे मोजत शून्यावर येऊन पोचली आणि आता पुढे काय मोजायचं, या विचारात फटफटलं.

शनिवारी अर्ध्या दिवसाने ती दवाखान्यात गेली. डॉक्टरीणबाई वयाने लहान होत्या, पण घाई नव्हती त्यांना. यंत्राचं काम आहे म्हटल्यावर त्यांनी गोळ्या लिहिल्या नाहीत. नियम सांगितले. रात्री बारापर्यंत आडवं व्हायचं नाही. सकाळी सहाला उठायचंच, झोप झालेली असो वा नसो. अंथरूण फक्त झोपेसाठी. तिथे विचार करत पडायचं नाही. झोप आली नाही तर उठून दुसऱ्या खोलीत बसायचं, डोळे जड झाले की परत यायचं. दुपारी डुलकी नाही, दोननंतर चहा नाही, आणि नजरेच्या टप्प्यात घड्याळ नाही.

"झोप कमी येते म्हणून आलेय, आणि तुम्ही आणखी कमी झोपायला सांगताय," ती म्हणाली.

"अंथरूण म्हणजे जागरण, अशी सवय लागलीय तुमच्या शरीराला. ती मोडायची आहे. वेळ लागेल." डॉक्टरीणबाईंनी एक छापील वही पुढे केली. रोज सकाळी भरायचे रकाने होते. किती वाजता पडलात, किती वाजता लागली, कितीदा मोडली. सगळ्यात वर, पहिल्या पानावर, एकच ओळ होती. "ही आत्ताच भरू. शेवटची सलग, चांगली झोप कधी लागली होती?"

तिला तारीख ठाऊक होती. वारही ठाऊक होता.

"आठवत नाही," ती म्हणाली.

*

वही ताईंनी ताब्यात घेतली. "मी लिहिणार. तू लिहिशील तर त्या चिठ्ठीसारखंच लिहिशील," असा टोला हाणून त्यांनी पेनाचं टोपण काढलं, चष्मा चढवला आणि कचेरीत बसत तशा ताठ बसल्या. "पहिली ओळ. शेवटची सलग झोप."

"आठवत नाही, ताई."

"साधारण सांग. उन्हाळा होता की थंडी?"

"नाही आठवत."

ताईंनी चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं. "आठवत नाही असं मी लिहीत नसते. आठवेल तेव्हा सांग. रिकामी ठेवते."

ती ओळ मग रिकामीच राहिली, आणि रोज सकाळी वही उघडली की आधी तीच दिसू लागली.

आठवत नाही कसं? त्या रात्री बाराला तिने नवऱ्याची कूस बदलली होती, पाणी पाजलं होतं. "जरा पड तू," तो म्हणाला होता. रोजच म्हणायचा. दोनचा गजर झाला, तो तिने ऐकला. हात लांब करून बंद केला आणि म्हटलं, पाच मिनिटं. डोळे उघडले तेव्हा खिडकीत ऊन आलं होतं आणि घड्याळात साडेसहा वाजून गेले होते. अंग इतकं हलकं वाटलं तिला, तीन वर्षांत वाटलं नव्हतं इतकं. तो हलकेपणा तिने पुरते दोन-तीन श्वास उपभोगला. मग वळून त्याच्या खांद्याला हात लावला. खांदा गार होता.

ताई दारात आल्या, तेव्हा तिच्या तोंडून निघून गेलं, "चार वाजता गेले. मी जागी होते." का निघालं, कसं निघालं, देव जाणे. डॉक्टर म्हणाले होते, हृदय बंद पडलं, कुणाच्या हातात काही नव्हतं. ते तिने ऐकलं होतं. पण हाक? त्याने हाक मारली असेल तर?

*

पुढचे दोन आठवडे घरात नियमांचं राज्य होतं आणि गादीवर ताई. दोन वाजून गेल्यावर चहाचा डबा त्या वरच्या फळीवर ठेवायच्या. नवऱ्याच्या उशाचं घड्याळ त्यांनी टॉवेलात गुंडाळून स्वतःच्या कपाटात टाकलं. रात्री बारापर्यंत स्वयंपाकघरात समोर बसून राहायच्या आणि कात्रीबाईची मान जरा कलली, की टेबलावर पेन आपटायच्या.

"ताई, तुम्ही तरी झोपा."

"माझं काय, मी पडले की मेले. मला कुणी वही दिलेली नाही."

ते खरं होतं. बाराच्या ठोक्याला ताई आपल्या खोलीत जायच्या, दार लावायच्या, आणि थोड्याच वेळात पलीकडून संथ घोरणं ऐकू यायचं. वर्षानुवर्षं तसंच.

गंमत अशी, की बाराला पाच कमी असताना उभ्या उभ्या पेंगणारी कात्रीबाई पाठ टेकली की लख्ख जागी व्हायची. मग उठायची, स्वयंपाकघरात मंद दिव्याखाली बसायची, जुने मोजे रफू करायची, परत जायची. पहिल्या आठवड्यात कुठे तासभर, कुठे दीड तास डोळा लागला. दुसऱ्या आठवड्यात बाराला पडलं की सव्वाबाराला लागू लागली. ताईंनी रकाना भरला आणि खाली रेघ ओढली. "सुधारणा आहे," त्या म्हणाल्या, जणू एखाद्या ढ मुलाच्या प्रगतिपुस्तकावर सही करत होत्या.

पण दोन वाजता जाग यायचीच. घड्याळ दिसत नव्हतं, तरी तिला कळायचं दोन वाजलेत. आणि मग सहापर्यंत काही नाही.

दोन आठवड्यांनंतरच्या शनिवारी डॉक्टरीणबाईंनी वही चाळली. "अक्षर कुणाचं? सुरेख आहे."

"नणंदेचं."

"नियम तुम्ही पाळताय. सुरुवातीची झोप परत आलीय. पण रोज दोनला मोडतेय. दोन वाजता काय आहे?"

कात्रीबाई आपल्या बोटांकडे बघत राहिली.

"मला सांगायलाच हवं असं नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. त्यांनी वहीचं पहिलं पान उघडलं आणि रिकाम्या ओळीवर बोट ठेवलं. "पण ते काही नियमांनी जाणार नाही. आणि हे ज्या लिहितात, त्यांना ही ओळ अजून विचारावीशी वाटली नाही?"

"वाटली. मीच सांगितलं नाही."

सोमवार परवावर आला होता. घरी जाताना ती दोनदा रस्ता चुकली, आणि दोन्ही वेळा ते तिला पुढच्या वळणावर कळलं. एवढ्या-तेवढ्याने हात चुकायला किती वेळ लागतो, हे तिच्याइतकं कुणाला माहीत होतं?

*

संध्याकाळी भांडी आवरून झाल्यावर ती म्हणाली, "ताई, वही आणता?"

"आत्ता कशाला? लिहायची वेळ सकाळची."

"पहिली ओळ लिहायचीय."

ताईंनी वही आणली, टोपण काढलं. "आठवलं एकदाचं. सांग."

तिने तारीख सांगितली. ताईंनी आकडा लिहिला, महिना लिहायला पेन टेकवलं आणि ते तिथेच थांबलं.

"ही तर..."

"हो."

नळाचा एक थेंब भांड्यात पडला. दुसरा पडला.

"दोनचा गजर झाला होता, ताई. मी बंद केला. म्हटलं पाच मिनिटं. जाग आली ती साडेसहाला. ते गार पडले होते. किती वाजता गेले ते मला माहीत नाही. चारला गेले हे मी तुम्हाला खोटं सांगितलं."

ताई वहीकडे बघत होत्या. "साडेचार तास," त्या म्हणाल्या. हिशेब करायची सवय, ती अशा वेळी पण सुटली नाही.

"साडेचार तास. स्वप्नसुद्धा पडलं नाही. इतकी गाढ झोप मला जन्मात लागली नव्हती."

ताईंनी महिना लिहिला, वर्ष लिहिलं. अक्षर तसंच मोत्यासारखं आलं. टोपण लावलं, वही मिटली, उठल्या आणि आपल्या खोलीत जाऊन दार लावून घेतलं. कात्रीबाई बारापर्यंत एकटी बसून राहिली. पेन आपटायला कुणी नव्हतं.

आज काही डोळा लागणार नाही, असं मनाशी धरूनच ती आडवी झाली. डोळे उघडले तेव्हा खिडकीत उजाडत होतं. दोन कधी वाजून गेले, तिला पत्ता नव्हता. अंग हलकं होतं. त्या सकाळसारखंच. तिला स्वतःची इतकी लाज वाटली, की ती बराच वेळ पांघरूण तोंडावर घेऊन पडून राहिली.

रविवारी ताई बोलल्या नाहीत. तिच्या वाटणीचं जेवण टेबलावर झाकलेलं होतं. वहीतला रकाना कोरा होता. दिवसभर दोघी एकमेकींना वाट देत घरात वावरल्या, दवाखान्यातल्या अनोळखी माणसांसारख्या. आणि रविवारी रात्रीही तिला झोप लागली. एकदा मोडली, पण कूस बदलली आणि परत लागली.

*

सोमवारी मास्तर टेबलाशी उभेच होते. "हात पुढे करा," ते म्हणाले आणि तिच्या पसरलेल्या बोटांवर त्यांनी पातळ कागद ठेवला. कागद थरथरला नाही. मास्तरांनी भुवया उडवल्या.

फळीवरचं कापड घेण्याआधी तिने चिठ्ठीवरचा वार वाचला, मग गेटची वही मागवून ताडून पाहिला. मास्तरांना ते आवडलं असावं. साठ थर पसरले गेले, वर आखणीचा कागद आला, कडेने चाप लागले. तिने जाळीचा मोजा चढवला आणि यंत्र सुरू केलं. तो घुमणारा आवाज पंधरा दिवसांनी तळहातात शिरला. बाही, कड, मग गळ्याचं वळण. पातं रेघेवरून गेलं, रेघ सोडून कुठे गेलं नाही.

मास्तरांनी वरच्या, मधल्या, तळातल्या तुकड्यावर नमुना ठेवला. "उद्या परत मापायचं," ते म्हणाले, आणि दाढ ठणकल्यासारखं तोंड करून पुढे म्हणाले, "हाताचे डोळे आलेत जागेवर. उद्यापासून यंत्रावर या. काय केलंत?"

"नियम पाळले."

"मग ते आमच्या काजेवालीच्या नवऱ्याला सांगू नका. तो आणखी झोपेल."

सगळे हसले. जे वाचावं म्हणून पंधरा दिवस जिवाचा आटापिटा केला ते वाचलं होतं, आणि तिला आनंद कुठे ठेवावा ते कळत नव्हतं.

*

घरी आली तर दिवे लागले नव्हते. ताईंच्या खोलीचं दार उघडं होतं. त्या पलंगाच्या कडेला बसल्या होत्या, केस न विंचरलेले. समोरच्या स्टुलावर नवऱ्याच्या उशाचं घड्याळ होतं. त्याला किल्ली दिलेली होती.

"ताई?"

"त्याने हाक मारली असेल का गं?"

कात्रीबाई दारातच खाली बसली. "माहीत नाही, ताई."

"तू ऐकली नाहीस."

"नाही."

"मी पण नाही." ताईंनी शेजारच्या भिंतीवर तळहात ठेवला. "एवढी एक भिंत मध्ये. तीन वर्षं मी दार लावून झोपले. मला वाटायचं, तू आहेस ना. मग येईल-जाईल त्याला सांगत बसले, ही जागी होती, ही उशाशी होती. मला कुणी विचारू नये म्हणून सांगत होते की काय, कोण जाणे. कुणी विचारलंही नाही, की बाई, तू कुठे होतीस."

"तुम्ही दिवसभर करत होतात, ताई."

"दिवसाचं बोलत नाहीये मी."

घड्याळ टकटकत होतं. बाहेरून कुणीतरी दुचाकी रेटत नेली.

"दहा महिने हेच ऐकत होतीस तू रोज? हाक आली असेल का, नसेल का?"

"हेच."

"एकटी."

"हो."

ताईंनी डोळे पुसले नाहीत, कारण ते कोरडे होते, नुसते लाल. "मला तुझा राग आलाय," त्या म्हणाल्या. "तो जाईल असं आत्ता मी काही सांगत नाही."

"नका सांगू."

"बरं." त्यांनी उशीखालून वही काढली आणि पेनासकट तिच्याकडे सरकवली. "लिही."

"काय लिहू?"

"माझं. नवीन पान घे."

कात्रीबाईने दिवा लावला. मोत्यासारख्या अक्षरांच्या पुढच्या पानावर तिचं वेडंवाकडं अक्षर उमटू लागलं. "शनिवार. किती वाजता लागली?"

"लागली नाही."

"रविवार?"

"लागली नाही."

"किती वाजता उठलात?"

"उठायला आधी झोपावं लागतं."

तिने दोन्ही रकान्यांत तसंच लिहिलं. मग पानाच्या माथ्यावर, शेवटच्या सलग झोपेच्या ओळीसाठी, पेन टेकवलं आणि थांबली. विचारायला तिची जीभ रेटेना. ताईंनीच सांगितलं.

"शुक्रवार. रात्री बारा ते सकाळी सहा."

तिने शुक्रवार लिहिला. वार चुकू नये म्हणून भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिलं. चुकला नव्हता.

जेवण झालं. दोघी स्वयंपाकघरात टेबलाच्या दोन बाजूंना बसल्या. बारापर्यंत आडवं व्हायचं नव्हतं. ताई म्हणाल्या, नियम मला शिकवू नकोस, मीच लिहून घेतलेत. अकराच्या सुमाराला कात्रीबाईची मान कलायला लागली. तिने ती सावरली, परत कलली. समोर ताई ताठ बसल्या होत्या, डोळे टक्क उघडे, हातात पेन. त्यांनी ते आपटलं नाही.

"पेंगू नकोस अशी," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "उद्या पातं आहे तुझ्या हातात."

बाराला ती उठली. ताई तिथेच बसून राहिल्या. तिने आपल्या खोलीत जाऊन हात जोडले आणि काय मागावं ते तिला सुचलं नाही. मग ती आडवी झाली. दार तिने उघडंच ठेवलं.